बार्बरशॉप चौकडी कशी उभी करावी: पहिल्या कॉर्डपासून पहिल्या टॅगपर्यंत

चार जण वाद्याशिवाय गात असतात आणि मध्येच एका कॉर्डवर, म्हणजे एकत्र लागलेल्या स्वरांच्या मेळावर, चौघांपैकी कुणीच न गायलेला पाचवा स्वर वर कुठेतरी वाजायला लागतो. अमेरिकेतल्या बार्बरशॉप गायकीत याला ‘रिंग’ म्हणतात. या एका गोष्टीसाठी लोक वर्षानुवर्षं दर आठवड्याला तालमीला जातात आणि संमेलनांत हॉटेलच्या जिन्यात उभे राहून पहाटेपर्यंत गात बसतात. तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकलेल्या माणसाला हा अनुभव अगदीच परका नाही. म्हणून मला मनापासून वाटतं की थोडंफार गाणं शिकलेल्या मराठी माणसाने ही गायकी एकदा तरी करून बघावी. निम्मा कान आधीच तयार असतो. उरलेला निम्मा मात्र नव्याने तयार करावा लागतो, आणि आपली मंडळी तिथेच अडखळतात.

पुढचं सगळं चार जणांना शून्यापासून पहिल्या ‘टॅग’पर्यंत, म्हणजे गाण्याचा शेवटचा छोटा तुकडा गाण्यापर्यंत, नेण्यासाठी आहे. पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नसलं तरी चालेल, सरगम येत असली म्हणजे झालं.

सुरुवातीआधी: हे गाणं आलं कुठून

न्हाव्याच्या दुकानाचा आणि गाण्याबजावण्याचा संबंध फार जुना. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या अशा दुकानांत सिटर्न नावाचं तंतुवाद्य टांगलेलं असे, नंबर येईपर्यंत गिऱ्हाइकाने ते वाजवत बसायचं. आपण ज्या गायकीबद्दल बोलतोय ती मात्र अमेरिकेची, आणि तिची मुळं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत आहेत. दक्षिणेतल्या शहरांत हजामतीचा धंदा मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीयांच्या हातात होता आणि दुकान हा पुरुषांचा अड्डा होता. एकाने चाल धरायची, बाकीच्यांनी कानाने चाचपत तिच्या वरखाली स्वर लावायचे, आणि एखादी कॉर्ड जमली की ती सोडवत नाही म्हणून धरून ठेवायची. कृष्णवर्णीय लेखक जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी १९२५ साली याबद्दल लिहून ठेवलं आहे. जॅझचे ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशाच चौकडीत गायचे.

११ एप्रिल १९३८ रोजी ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ओ. सी. कॅश आणि रुपर्ट हॉल या दोघांनी जुनी गाणी गायला माणसं बोलावली आणि २६ जण जमले. त्यातून जी संस्था उभी राहिली तिचं आजचं नाव बार्बरशॉप हार्मनी सोसायटी, मुख्यालय नॅशव्हिल. बायकांची ‘स्वीट अॅडेलाइन्स’ ही संस्थाही टल्सातच, १९४५ साली सुरू झाली.

या इतिहासातला एक भाग झाकून ठेवू नये. ज्यांच्याकडून ही गायकी आली त्यांनाच संस्थेने १९६३ पर्यंत दाराबाहेर ठेवलं. १९४१ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत ग्रँड सेंट्रल स्टेशनवरच्या हमालांची ‘ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स’ ही कृष्णवर्णीय चौकडी पहिली आली, आणि तिला राष्ट्रीय स्पर्धेत उभं राहू दिलं नाही. बायकांच्या संस्थेतही असाच वर्णभेदाचा नियम आला तेव्हा तो न पटलेल्या गायिकांनी बाहेर पडून १९५९ मध्ये ‘हार्मनी इनकॉर्पोरेटेड’ काढली. स्त्रियांना बार्बरशॉप हार्मनी सोसायटीचं पूर्ण सभासदत्व मिळालं ते २०१८ मध्ये. स्ट्रॉ हॅट आणि पट्ट्यापट्ट्यांचे जाकीट घातलेल्या गोऱ्या पुरुषांचं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं, त्यामागे एवढं सगळं आहे. ही गाणी तोंडात घेणाऱ्याला ते ठाऊक असायलाच हवं.

पायरी १: माणसं जमवा

चौघेच हवेत. पाचवा कितीही चांगला गात असला तरी या गायकीत एका पट्टीला, म्हणजे चारपैकी एका आवाजाच्या ओळीला, एकच माणूस असतो. ज्याचा स्वर चुकतो तो ऐकू येतोच, आणि शिकण्याची सगळी गती त्यातूनच येते. मोठे कोरसही असतात, पण सुरुवात चौकडीनेच करा.

चौघेही पुरुष, चौघीही बायका किंवा मिश्र, काहीही चालतं. पट्ट्यांची नावं तीच राहतात: टेनर, लीड, बॅरिटोन, बेस. माणसं निवडताना आवाज किती मोठा किंवा किती सुंदर आहे हे शेवटी बघा. शेजारी दुसरा वेगळा स्वर धरून उभा असताना हा आपल्या स्वरावर टिकतो का, हे आधी बघा. चाचणी सोपी आहे. तुम्ही ‘सा’ धरा, त्याला ‘ग’ धरायला सांगा, आणि दहा सेकंद दोघांनी हलायचं नाही. शास्त्रीय शिकलेले पुष्कळ जण इथे घसरतात, कारण आयुष्यभर त्यांनी तानपुऱ्याशी किंवा गुरूच्या आवाजाशी जुळवून घ्यायची सवय केलेली असते. चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी माणसं इथे सहज टिकतात. वसईत किंवा गोव्यात राहत असाल तर बॅरिटोन तिथेच शोधा. गोव्याचा मांडो दोन आवाजांत गायचा रिवाज आहे, त्यामुळे वेगळा स्वर धरणं तिथे लहानपणीच अंगवळणी पडतं.

पायरी २: पट्ट्या वाटून घ्या

लीड मूळ चाल गातो. बहुतेक पाश्चात्त्य कॉयरमध्ये चाल सगळ्यात वरच्या आवाजाकडे असते, इथे ती वरून दुसऱ्याकडे असते, आणि या गायकीचा पोत त्यातून येतो. लीडला आत्मविश्वास हवा, शब्द स्पष्ट हवेत. षड्ज डोक्यातून हलता कामा नये.

टेनर लीडच्या वर गातो, पण हलका. पुरुषांच्या चौकडीत तो बहुधा फॉल्सेटोत, म्हणजे पातळ ‘खोट्या’ आवाजात गातो. ज्याला वर जाताना जोर लावावा लागतो त्याला टेनर देऊ नका. टेनर ठळक झाला की कॉर्ड वरून जड होते आणि रिंग मरते.

बेसकडे बहुतेक वेळा कॉर्डचा पाया, म्हणजे ती ज्या स्वरावर उभी असते तो स्वर, किंवा त्याचा पंचम असतो. आवाज नुसता खाली पोचून उपयोग नाही, तिथे त्याला गोलाई हवी. खर्जात गळा दाबून घरघर करणाऱ्यापेक्षा त्याच्या दोन स्वर वरच थांबणारा पण भरदार आवाज केव्हाही बरा.

उरलेला प्रत्येक स्वर बॅरिटोनच्या वाट्याला येतो. त्याची ओळ कधी लीडच्या खाली, कधी वर, आणि एकटी ऐकली तर तिला चाल अशी नसतेच. चौघांत सगळ्यात तल्लख कान ज्याचा, त्याला बॅरिटोन द्या. बहुतेक नव्या चौकड्या उरलेल्या माणसाला बॅरिटोन करतात आणि मग महिनोन्महिने कॉर्ड का लागत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

आवाजाचं माप त्रिकोणासारखं ठेवा: खाली रुंद, वर निमुळतं. बेस सगळ्यात भरीव, लीड त्याच्या बरोबरीने पुढे, टेनर सगळ्यात कमी. बॅरिटोनने आपल्याकडे त्या क्षणी कोणता स्वर आला आहे ते बघून जोर ठरवायचा. पाया किंवा पंचम असेल तर मोकळं गायचं, गंधार किंवा कोमल नी असेल तर मागे सरायचं.

पायरी ३: आधी एकच स्वर, एकच आकार

पहिल्या तालमीत कॉर्ड नको. चौघांनी एकच ‘सा’ धरा, आकारात. आता ऐका. चारही ‘आ’ सारखे आहेत का? एकाचं तोंड आडवं उघडलेलं, एकाची जीभ मागे, एकाचा ‘आ’ नाकातून. स्वर तोच असूनही आवाज चार दिशांना जातो, कारण प्रत्येक आकाराबरोबर आवाजातले वेगवेगळे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर वर वाजणारे बारीक स्वर, ठळक होतात. उपस्वर जुळले नाहीत तर रिंगही नाही.

लीडचा आकार प्रमाण माना. तो ‘आ’ धरतो, मग एकेकाने त्यात विरघळायचं, इतकं की दुसरा आवाज कधी आला ते कळू नये. मग ‘ए’, ‘ओ’, ‘ऊ’. इंग्रजी गाणी गाणार असाल तर जोडस्वर आत्ताच घोटून घ्या. ‘माय’, ‘नाइट’ अशा शब्दांत ‘आ’ लांब धरायचा आणि ‘इ’ अगदी शेवटी, चौघांनी एकाच क्षणी लावायचा. एक जण अर्धा सेकंद आधी ‘इ’वर गेला तरी कॉर्ड विस्कटते.

आणि आता आपल्यासाठी सगळ्यात अवघड सूचना: स्वर सरळ लावा. कण नाही, मींड नाही, आंदोलन नाही, शेवटी हलकासा झोकाही नाही. सुगम गाणाऱ्यांचा आवाज लांब स्वरावर आपोआप डोलतो, तो थांबवा. लीडला भावासाठी थोडी सूट असते, बाकी तिघांना नाही. हे कोरडं वाटेल, गळ्याला जाच वाटेल, पण याच्याशिवाय पुढची पायरी येत नाही.

पायरी ४: पहिली कॉर्ड

पुरुषांची चौकडी असेल तर षड्ज पांढरी दोन धरा, बायकांची असेल तर पांढरी सहा. मिश्र असेल तर दोन्हींच्या मधला, सगळ्यांना झेपेल असा सूर शोधा. तानपुरा किंवा तानपुऱ्याचं अॅप सा-पवर लावून ठेवा. चौघांचे स्वर असे:

बेस: मध्य सा
बॅरिटोन: मध्य प
लीड: तार सा
टेनर: तार ग

चौघांनी एकदम सुरू करू नका. आधी बेस आणि लीड, नुसता सा-सा. हा अष्टक असा लागला पाहिजे की दोन आवाज एकच वाटावेत. मग बॅरिटोनचा पंचम. इथे थांबा, भरपूर वेळ थांबा. सा-प-सा नीट लागला की ‘ग’ वरती आपोआप कुजबुजायला लागतो, तोच आपला तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार. टेनरने नवा स्वर ‘लावायचा’ नाही, तो आधीच वाजतोय त्यावर अलगद जाऊन बसायचं. हा क्रम पाळलात तर टेनर कणसूर होण्याचा धोका निम्म्यावर येतो.

पेटीवर ‘ग’ तपासू नका. समान अंतराच्या स्वररचनेत, म्हणजे पेटी, कीबोर्ड आणि फोनवरचे बहुतेक ट्यूनर ज्या रचनेत असतात तिच्यात, अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर गंधार सा-पासून ४०० सेंटवर येतो. उपस्वरांशी जुळणारा गंधार ३८६ सेंटवर असतो, म्हणजे १४ सेंट खाली. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा. पेटीचा गंधार चढा लागतो ही आपल्याकडची जुनीच तक्रार. सांगलीच्या कृ. ब. देवलांनी आणि त्यांच्याबरोबर क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींचा हिशेब मांडला तो याच प्रश्नापायी.

हा फरक कानाला कसा कळतो ते आकड्यांत बघू. समजा बेस १२० हर्ट्झवर आहे. मग बॅरिटोन १८०, लीड २४०, टेनर ३००. बेसचा पाचवा उपस्वर ६०० आणि टेनरचा दुसरा उपस्वरही ६००, दोन्ही एकमेकांवर बसतात आणि तो ६०० चा स्वर एकदम उजळतो. टेनरने पेटीचा गंधार लावला तर तो ३०२.४ च्या आसपास येतो, त्याचा दुसरा उपस्वर सुमारे ६०५. मग ६०० आणि ६०५ मध्ये भांडण लागतं आणि सेकंदाला जवळजवळ पाच लाटा ऐकू येतात. तानपुरा मिळवताना खुंटी फिरवत आपण याच लाटा मिटवतो. इथे खुंटी गळ्यात आहे, एवढाच फरक.

म्हणून तालमीत ‘वर’, ‘खाली’ असं एकमेकांना सांगत बसण्यापेक्षा टेनरला सांगा: लाटा थांबेपर्यंत हळूहळू उतर.

पायरी ५: बार्बरशॉपची खरी ओळख

आता तीच कॉर्ड धरून ठेवा. बेस, बॅरिटोन, टेनर हलणार नाहीत. फक्त लीडने तार सा-वरून कोमल नी-वर यायचं.

ही झाली बार्बरशॉप सेव्हन्थ: सा, प, कोमल नी, ग. ही कॉर्ड इतकी मध्यवर्ती आहे की परंपरेने गाण्यातल्या साधारण एक तृतीयांश कॉर्ड तरी याच असाव्यात असा दंडक मानला जातो.

या कोमल नी-कडे नीट लक्ष द्या. मघाच्याच आकड्यांत बेस १२०, बॅरिटोन १८०, टेनर ३००, आणि लीड २१०. सगळ्यांना ३० ने भाग जातो: ४, ६, ७, १०. तो सातचा आकडा महत्त्वाचा. हा सातव्या उपस्वराचा निषाद, ९६९ सेंटवरचा. पेटीचा कोमल नी १००० वर असतो, म्हणजे तब्बल ३१ सेंट वर. काफीत किंवा खमाजात आपण जो कोमल नी लावतो त्याहूनही हा उतरलेला आहे, त्यामुळे पहिल्यांदा लावताना लीडला तो चुकीचाच वाटतो. वाटू द्या. एकटा ऐकला तर तो कणसूर आहे, कॉर्डमध्ये बसला की पूर्ण खोली गुणगुणायला लागते.

लावण्याची रीत: लीडने पेटीचा कोमल नी धरावा आणि अगदी सावकाश, एका श्वासात, खाली सरकत यावं. बाकी तिघांनी जागचं हलायचं नाही. एका ठिकाणी आवाजातली खरखर अचानक गप्प होते आणि कॉर्ड कुलूप लागल्यासारखी घट्ट बसते. तिथे थांबा आणि ती जागा लक्षात ठेवा. लगेच सापडेलच असं नाही, पण एकदा सापडली की कान ती विसरत नाही. पुढच्या तालमीत हाच प्रयोग पट्ट्या न बदलता पण वेगळ्या सुरावर करा, म्हणजे गळ्याच्या सवयीवर न जाता ऐकून लावायची सवय लागेल.

पायरी ६: षड्ज सोडायला शिका

आतापर्यंत तानपुरा सोबत होता. आता तो बंद करा. इथून पुढे प्रत्येक कॉर्डचा स्वतःचा सा असतो, आणि तो बदलत राहतो. माझ्या मते आपल्या संगीतातून येणाऱ्यासाठी सगळा डोंगर इथेच आहे.

जुन्या अमेरिकन गाण्यांत कॉर्डचा पाया आधी ‘ध’वर उडी घेतो आणि तिथून एकेका पंचमाने खाली उतरत घरी येतो: सा, मग ध, मग रे, मग प, आणि पुन्हा सा. मधल्या तिन्ही कॉर्ड सेव्हन्थ असतात. चौघांसाठी ही ओळ पाठ करा:

बेस: मध्य सा – मंद्र ध – मंद्र ध – मंद्र प – मध्य सा
बॅरिटोन: प – प – तीव्र म – शुद्ध म – प
लीड: तार सा – तार कोमल रे – तार सा – मध्य शुद्ध नी – तार सा
टेनर: तार ग – तार ग – तार रे – तार रे – तार ग

प्रत्येकाची ओळ पाच मिनिटांत पाठ होईल. चौघांची मिळून लागायला मात्र काही आठवडे द्या.

दुसऱ्या कॉर्डवर बघा काय होतं. पाया ‘ध’ आहे. टेनरचा ‘ग’ आता त्या ‘ध’चा पंचम झाला. लीडचा कोमल रे हा त्या कॉर्डचा गंधार. आणि बॅरिटोन, ज्याने आपला स्वर बदललेलाच नाही, त्याचा ‘प’ आता त्या कॉर्डचा कोमल निषाद आहे. म्हणजे नाव ‘प’च राहिलं, पण त्याला तो चांगलाच उतरवायला हवा. बॅरिटोनला हे समजावून सांगितलं नाही तर तो प्रामाणिकपणे पहिला ‘प’ धरून उभा राहतो आणि सगळे एकमेकांकडे बघत राहतात.

तिसऱ्या कॉर्डवर पाया ‘रे’ आहे, जरी बेस त्याचा पंचम असलेल्या ‘ध’वरच थांबलेला असला तरी. आता लीडचा ‘सा’ त्या कॉर्डचा कोमल निषाद. मागच्या पायरीचा धडा गिरवत लीडने तो उतरवला तर? तर तिघे त्याच्यामागे उतरतात आणि शेवटच्या कॉर्डला पोचेपर्यंत चौकडी सुराच्या खाली गेलेली असते. म्हणून नियम असा: चालीतले मुख्य स्वर, विशेषतः घरचा सा आणि प, लीड घरच्याच जागी लावतो. बाकी तिघे त्याच्याभोवती कॉर्ड बांधतात. इथे लीडने उतरायचं नाही, इतर तिघांनी किंचित चढायचं. कॉर्ड पूर्ण जुळते आणि षड्जही जागेवर राहतो.

ओळ संपली की लगेच पहिल्या सुराशी ताडून बघा. बार्बरशॉपवाल्यांच्या खिशात गोल पिच पाइप असतो, फोनवरचं अॅपही तेच काम करतं. खाली गेला असाल तर तपासायच्या जागा तीन: बेस ‘ध’वर जाताना गरजेपेक्षा जास्त उतरतो का, लीडचा शुद्ध नी खालचा लागतो का, आणि शेवटच्या कॉर्डवर कुणाचा श्वास संपलेला आहे का.

पायरी ७: पहिला टॅग

टॅग म्हणजे गाण्याचा शेवटचा तुकडा, बहुधा चार-आठ मापांचा, म्हणजे तालाच्या छोट्या आवर्तनांचा. सगळ्यात रसरशीत कॉर्ड तिथेच असतात, त्यामुळे नुसते टॅग गाण्याची एक वेगळीच संस्कृती उभी राहिली आहे. पुष्कळ टॅगमध्ये एक जण एकच स्वर लांबच लांब धरून ठेवतो आणि बाकी तिघे त्याच्याभोवती कॉर्ड बदलत जातात. त्या स्वराला ‘पोस्ट’ म्हणतात. पूर्ण गाणं हाती घेण्याआधी दोन-तीन टॅग पक्के करा, माझा यावर फार जोर आहे. पूर्ण गाण्यात नवी चौकडी शब्द आठवण्यातच गुंतते, ऐकायचं राहून जातं.

साहित्य भरपूर आणि फुकट मिळतं. बार्बरशॉप टॅग्ज डॉट कॉम या संकेतस्थळावर टॅगचं नोटेशन आणि पुष्कळांचे लर्निंग ट्रॅक आहेत. लर्निंग ट्रॅकमध्ये बहुधा एका कानात तुमची पट्टी आणि दुसऱ्या कानात बाकीच्या तिन्ही असतात. आधी दोन्ही कानांनी ऐका, मग आपल्या पट्टीचा कान काढून उरलेल्या तिघांबरोबर गा. नोटेशन बघायची वेळ आली तर एवढं पुरे: वरच्या ओळीत टेनर आणि लीड, खालच्या ओळीत बॅरिटोन आणि बेस. पुरुषांसाठीच्या मांडणीत वरची ओळ लिहिली आहे त्यापेक्षा एक सप्तक खाली गायची असते.

टॅग शिकवायची पद्धत तोंडी आहे, आपल्या तालमीसारखीच. ज्याला येतो तो एकेकाला त्याची ओळ गाऊन दाखवतो, समोरचा परत म्हणतो. आणि एक शिष्टाचार: चौघे टॅग गात असताना पाचव्याने बाजूने सूर मिसळायचा नाही, त्याला बोलावलं तरच.

टॅगनंतर पूर्ण गाणी. ‘बार्बरपोल कॅट्स’ या नावाने ओळखली जाणारी १२ सोप्या गाण्यांची यादी आहे. ही गाणी येत असतील तर जगात कुठेही तीन अनोळखी माणसांबरोबर उभं राहून गाता येतं.

तालमीची शिस्त

दीड तास पुरे. पहिली दहा मिनिटं एकच स्वर आणि आकार, मग पाच कॉर्डची साखळी, मग टॅग. अडलेली जागा चौघांनी मिळून पुन्हा पुन्हा गाऊ नका, जोड्या पाडा. आधी लीड आणि बेस. ही जोडी लागली नाही तर वरचं काहीच लागणार नाही. मग लीड आणि बॅरिटोन, मग बेस आणि टेनर. जे दोघे गात नाहीत त्यांनी ऐकून सांगायचं. दोष सापडायला यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

खोली निवडताना गाद्या, पडदे, सोफे असलेला हॉल टाळा. फरशी आणि उघड्या भिंती असलेली जागा, सोसायटीचा जिना, रिकामी खोली उत्तम. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा. छताचा पंखा बंद करा. पात्यांवरून परतणारा आवाज थरथरतो आणि लाटा तुमच्या आहेत की पंख्याच्या ते कळत नाही. उभं राहताना अर्धवर्तुळ करा, लीड आणि बेस मधे, टेनर आणि बॅरिटोन कडेला, एकमेकांची तोंडं दिसतील असे. श्वास आणि शब्दांचे शेवट डोळ्यांनीच जुळतात.

फोन मधोमध, दोन-तीन पावलं दूर ठेवून ध्वनिमुद्रण करा. कोण चुकलं हे शोधायला ऐकू नका. कोणत्या अक्षरावर चौघांचा एक आवाज होतो ते शोधा, आणि तिथे तुम्ही काय केलं होतं ते पुन्हा करून बघा.

पुढे कुठे जायचं

अमेरिकेत असाल तर काम सोपं. बहुतेक मोठ्या शहरांत बार्बरशॉपची स्थानिक शाखा असते, आठवड्याची तालीम ठरलेली असते आणि नवख्या पाहुण्याला सहसा आनंदाने उभं करून घेतात. ब्रिटनमध्ये १९७४ पासून राष्ट्रीय संघटना आहे, जर्मनी, स्वीडन, न्यूझीलंडमध्येही आहेत. उच्चारांची भीती बाळगू नका: २०१२ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी ‘रिंगमास्टर्स’ ही चौकडी स्वीडनची होती, उत्तर अमेरिकेबाहेरची पहिली विजेती. स्पर्धेत गुण तीन अंगांनी देतात: संगीत, सादरीकरण आणि गायन. गायनाच्या गुणांत सूर आणि रिंगलाच वजन असतं, म्हणून पायरी ४ ते ६ वर घालवलेला वेळ वाया जात नाही.

भारतात राहून करायचं असेल तर चौघांनीच आपली सोय लावायची आहे. दोन-तीन टॅग आणि एक-दोन गाणी हातात आली की मराठी चालीची मांडणी करून बघण्याचा मोह होतो, आणि तो व्हायलाच हवा. चाल निवडताना एकच कसोटी लावा: ती कॉर्ड मागते का? भैरवी, तोडी, मारवा यांच्या वाटेला जाऊ नका. तिथलं सौंदर्य एका स्थिर षड्जावर उभं आहे, त्याखाली पाया हलवला की ते कोसळतं. बिलावल किंवा खमाजाच्या अंगाची, सरळ स्वरांची, अक्षरागणिक चालणारी चाल घ्या. शाळेतल्या प्रार्थना, पाळणे, संचलनाची गाणी यांत अशा चाली सापडतील. लांब स्वर ‘आ’ किंवा ‘ओ’वर येत असेल तर सोन्याहून पिवळं. चाल लीडला द्या, शेवटच्या ओळीखाली पायरी ६ ची साखळी मागून पुढे बसवून बघा, आणि जिथे बेसचा पाया चालीशी भांडतो तिथे चाल न बदलता पाया बदला.